चौदा दिवसांचे कान

कानवाल्या मुलीने ऐकायची दोन्ही मशिनं त्याच्या कानांमागे बसवली, समोरच्या स्क्रीनवर काहीतरी टकटक केलं आणि खुर्ची जराशी वळवून त्याच्या बायकोला अगदी हळू आवाजात म्हणाली, “काकू, फार उशीर केलात हो. डाव्या कानात आता जवळजवळ काही उरलेलं नाही.” बायकोने मान हलवली. मग ती त्याच्याकडे वळली. गेली वीस वर्षं वळत आली होती तशीच, म्हणजे आधी त्याच्या मनगटावर बोट टेकवून, त्याची नजर आपल्या तोंडाकडे आली आहे याची खात्री करून घेऊन. आणि एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, “म्हणते, वयाच्या मानाने चांगले आहेत तुमचे कान!”

दोन्ही वाक्यं त्याला स्वच्छ ऐकू आली. पहिलं तर इतकं जवळून की मुलीच्या तोंडातली लिमलेटची गोळी दातावर आपटल्याचं टक्कसुद्धा त्यात आलं. तो हसला. काहीतरी करायला हवं होतं म्हणून हसला. मुलीला वाटलं, मशीन पसंत पडलं. बायकोला वाटलं, तिच्या वाक्याने खूश झाला. एका हसण्यात दोन बायकांची समजूत घालून तो मोकळा झाला खरा, पण जिन्याची शेवटची पायरी संपली असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी असावी तसं त्याला झालं होतं.

“चौदा दिवस घरी नेऊन बघा,” मुलगी आता त्याच्याशी बोलू लागली. “पहिले सात दिवस ही महागातली जोडी. गोंगाट झाला की ही आपणच मागचा आवाज दाबते आणि बोलणाऱ्या माणसाला पुढे आणते. तुम्ही काही करायचं नाही. नंतरचे सात दिवस ही साधी. ही नुसती आवाज मोठा करते. सगळाच. हिला हे बारीक चाक आहे, ते बोटाने फिरवायचं.” किमती तिने एका कागदावर लिहून दिल्या. त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि बायकोकडे न बघता विचारलं, “एवढा फरक आहे का खरंच दोन्हींत?” “खोटं कशाला सांगू, काका? चार माणसं एकदम बोलायला लागली की साध्याने डोकं उठतं. पण शांत खोलीत दोघंच बोलत असतील, तर फारसा फरक नाही.” बायकोचं बोट मनगटावर येऊन थांबलेलं त्याला जाणवलं. पण सांगायला काही उरलंच नव्हतं. तिने ते उचललं आणि उगाच पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

परतताना बसमध्ये ती नेहमीसारखी त्याच्या उजवीकडे बसली. तिची ती ठरलेली जागा. दवाखान्यात, लग्नात, बँकेत, कुठेही ती आधी त्याची उजवी बाजू धरायची आणि मग जगाला तिथून आत सोडायची. लोकांनाही सवय झाली होती. ते त्याच्याशी बोलायचे आणि बघायचे तिच्याकडे. त्यांची लेक थट्टेने म्हणायची, आई म्हणजे बाबांची बातमीदार आहे. तेव्हा तोही हसायचा. आज त्याला हसू येईना. चांगले आहेत तुमचे कान! किती सहज म्हणाली, डोळ्याची पापणीही न लववता. हे पहिलंच असणं शक्य नव्हतं. इतक्या सराईतपणे माणूस पहिल्यांदा खोटं बोलत नाही. तो मागे मागे जाऊ लागला. निरोपसमारंभात मॅनेजर टेबलावर हात टेकून दहा मिनिटं बोलला होता, आणि तिने कानाशी येऊन सांगितलं होतं, म्हणतात, असा फिटर पुन्हा होणे नाही. दहा मिनिटांचं एवढंच? जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा जाताना दारात काहीतरी पुटपुटला, त्याचं तिने केलं होतं, बाबा फार आवडले म्हणतो. बाबा फार आवडले असं कुठला जावई दारात उभा राहून पुटपुटतो? वीस वर्षांत जग त्याच्याशी किती गोड बोललं होतं, आणि त्याला एकदाही शंका आली नव्हती! तो स्वतःवरच चिडला. मग एका वाक्यापाशी येऊन त्याने मन एकदम आवरलं, भट्टीचं दार उघडून चटका बसताच बंद करावं तसं. ते वाक्य नको. ते तरी खरं असू दे. पण आता दार नीट लागेना. ते वाक्य दादाचं होतं. हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या दुपारी, दादाचे ओठ हलले होते आणि बायकोने वाकून ऐकलं होतं, आणि त्याच्या मनगटावर बोट टेकवून सांगितलं होतं: “म्हणतात, मनात काही राग नाही.” या पाच शब्दांवर तो नऊ वर्षं झोपला होता.

दादा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ. दोघंही खोक्यांच्या एकाच कारखान्यात. दादा तीन नंबरच्या प्रेसवर आणि हा फिटर. पुठ्ठ्याचा ताव आत सरकवायचा, पायाने दाबायचं, वरून साचा खाली यायचा, धप्प, आणि घड्यांच्या रेघा पडून ताव कापला जायचा. दिवसभर धप्प, धप्प, पंचवीस प्रेसचं मिळून. घरी आल्यावरही ताटातली वाटी थरथरते आहे असं वाटायचं. अशा गोंगाटात बिघाड ऐकायचा म्हणजे कान टवकारून भागत नसे. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक मशीनच्या अंगावर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. मग बाहेरचे प्रेस दूर जातात आणि आतलं बोलायला लागतं. कोरडं पडलेलं बेअरिंग कुरकुरतं. झिजलेली खीळ बारीक टिचकी मारते. कारखान्यात तसं ऐकणारा तो एकटा. नवीन पोरं आपापले स्क्रूड्रायव्हर हाडाला लावून बघायची आणि म्हणायची, आम्हाला नुसतंच घूं होतंय. तो मिजाशीत म्हणायचा, हाड तयार व्हावं लागतं. आणि ज्या प्रेसनी हाड तयार केलं त्याच प्रेसनी ते आतून खाल्लं, हे त्याला कळलं तेव्हा तो पंचेचाळीसचा होता. आधी बारीक आवाज गेले. घड्याळाची टिकटिक, मग पक्षी, मग बायकांच्या बोलण्यातली टोकं. त्याने कुणाला सांगितलं नाही. बिनकानाचा फिटर कोण ठेवतो? अनुभवावर भागत होतं. हाताला थरथर कळायची, नाकाला जळका वास. मूठ मात्र तो हाडाला लावायचाच, डोळे मिटायचाच, सगळे बघत असत म्हणून.

एके सकाळी दादा म्हणाला, “माझ्या प्रेसच्या आत काहीतरी वाजतंय रे. थांबवल्यावर. बघ जरा.” हा गेला. टोक टेकवलं, मूठ दाबली, डोळे मिटले. आत काही नव्हतं. म्हणजे टिचकी नव्हती, आणि कुरकुरही नव्हती, आणि खरं म्हणजे काहीच नव्हतं, कापसासारखी पांढरी शांतता होती. आणि चालत्या कारखान्यात उभ्या असलेल्या प्रेसच्या पोटात इतकी शांतता नसते हे त्याला त्या क्षणी ठाऊक होतं. दादा हाताची घडी घालून उभा होता. बाजूचे दोघं बघत होते. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, “काही नाही. चालव.” तिसऱ्या दिवशी दादाने प्रेस थांबवला, अडकलेला ताव काढायला हात घातला, आणि थांबलेला प्रेस आपल्या मनाने एकदा खाली आला. उजव्या हाताची दोन बोटं. आतली खीळ झिजली होती. चौकशीत ती टेबलावर ठेवली होती, करंगळीएवढी. दादाने चौकशीत सांगितलं, माझंच लक्ष नव्हतं. मग दादा गोदामात गेला, खोकी मोजायला. भावाभावांत अबोला वगैरे काही झालं नाही. येणं-जाणं होतं, हसणं होतं. एवढंच की त्यानंतर दादा जेव्हा जेव्हा त्याच्याकडे आला तेव्हा त्याच्या डावीकडे बसला. डावा कान आधी गेला होता. दादा डावीकडे बसून हळू आवाजात बोलत राहायचा, अर्धा अर्धा तास, समोर भिंतीकडे बघत. हा मान हलवायचा. दादाला माहीत नव्हतं, की माहीत होतं म्हणूनच तो त्या बाजूला बसायचा? याचं उत्तर त्याने कधी शोधलं नाही.

महागातल्या जोडीचे सात दिवस त्याने एखादं नवीन मशीन तपासावं तसे काढले. न्हाव्याकडे जाऊन बसला. कात्री, रेडिओ आणि तीन गिऱ्हाइकांची वादावादी, आणि त्यातून न्हाव्याचं बोलणं सरळ कानात. चौकात मोटारींच्या गलक्यात उभा राहिला. शेजारी कुणीतरी मोबाइलवर आपल्या गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगत होतं तेही समजलं. लेकीचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात सर्दी आहे हे कळलं. “बाबा, पैशाचा विचार करू नका, हेच घ्या,” ती म्हणाली, आणि किती वर्षांनी ती थेट त्याच्याशी बोलली याने दोघांनाही भरून आलं. पण एक गोष्ट त्याला खटकत होती. खोलीतला पंखा सुरू केला की पहिले दोन क्षण घर्रर्र ऐकू यायचं, आणि मग कुणीतरी पंख्याच्या तोंडावर हात ठेवावा तसं ते विरून जायचं. पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ते बुश कोरडं आहे हे त्याने बोट लावून ओळखलं होतं. त्याला ते ऐकायचं होतं. मशीन ऐकू देईना. मशीनचं म्हणणं, पंख्याचं काय ऐकायचंय, बायको बोलतेय ते ऐका. त्याच्या भल्यासाठीच होतं ते. पण ते ठरवणारं हे कोण? असा तो खुर्चीत बसून धुसफुसत असताना बायको समोरून आली, तिने मनगटावर बोट टेकवलं आणि ती सवयीने ओरडली, “पंखा लावू का?” तिच्याकडे बघता बघता त्याच्या मनात आलं, की वीस वर्षं आपल्याकडे महागातलंच मशीन होतं.

त्या सात दिवसांत त्याने तिला काही विचारलं नाही. रोज सकाळी विचारायचं ठरवायचा आणि रोज तिच्या हातची कामं बघत बसायचा. कान मिळाल्यापासून घरात एक नवीनच गंमत चालली होती. दाराची बेल वाजली की तो आधी उठायचा. टीव्ही भणभणत असायचा, तो स्वतः शेजारच्या खोलीत बसला असला तरी. पूर्वी वाटायचं, आपल्यासाठीच मोठा ठेवते बिचारी. आता तो म्हणाला, “कमी कर की, मला येतंय ऐकू.” तिने कमी केला, आणि थोड्या वेळाने उठून पडद्याच्या अगदी जवळची खुर्ची घेतली. त्याने बघितलं, पण मनात घेतलं नाही. त्याचं मन त्या पाच शब्दांशी अडलं होतं. आयुष्यभर मशीनच्या पोटातलं ओळखणाऱ्याला हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं.

आठव्या दिवशी त्याने साधी जोडी घातली आणि घर अंगावर धावून आलं. वर्तमानपत्र फाटलं की काय असं वाटून तो दचकला. ते फक्त उलटलं होतं. चमचा, नळ, चपला, स्वतःचं चावणं, सगळं एकाच आवाजात, एकाच रांगेत उभं. मध्येच शीळ वाजायची, ती मशीनचीच. चाक फिरवावं तर बायकोबरोबर भांडीही लहान व्हायची. न्हाव्याकडे तर तो पाच मिनिटांत उठून आला. पण संध्याकाळी त्याने पंखा लावला आणि बुश खणखणीत रडलं, थांबेपर्यंत रडलं. तो स्टुलावर चढला, त्याने तेलाचे चार थेंब सोडले, खाली उतरून पुन्हा ऐकलं, आणि बऱ्याच वर्षांनी त्याला फिटर असल्यासारखं वाटलं. हे मशीन दगडाचं होतं. आलं ते जसंच्या तसं देत होतं. त्याने ठरवलं, की विचारायचं तर हेच घालून.

अकराव्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात टेबलाशी वाटाणे सोलत बसली होती. त्याने आधी पंखा बंद केला. मग नळ घट्ट आवळला, खिडकी लावून घेतली आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. शांत खोली, दोन माणसं. दाणे वाडग्यात पडायचे तेवढा टपटप आवाज.

“दादा शेवटी काय म्हणाला होता?” त्याने विचारलं.

ती सोलत राहिली. त्याला वाटलं, टाळते आहे. रागाची एक तिडीक त्याच्या डोक्यात गेली. “अगं, मी काय विचारतोय!” त्याने टेबलावर थाप मारली. दाणे उडाले. तिने दचकून वर बघितलं, त्याच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. आणि त्या क्षणी त्याला ते दिसलं. तोंडाकडे बघणं तो ओळखत होता. वीस वर्षं त्याने दुसरं केलं तरी काय होतं?

त्याने हात पुढे करून तिच्या मनगटावर बोट टेकवलं. “दादा,” तो सावकाश म्हणाला, “शेवटी, काय, म्हणाला?”

“सांगितलं होतं की तेव्हाच.”

“तू सांगितलंस ते नको. तो म्हणाला ते सांग.”

तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग बोलली ती तिच्या खऱ्या आवाजात, ओरडून नाही. तो आवाज थोडा घोगरा झाला होता. त्याच्या आठवणीतला आवाज तरुण होता. “मला नाही ऐकू आलं हो,” ती म्हणाली. “तोंडावर तो मास्क. ओठ हलले एवढंच दिसलं. मी अगदी कान लावला. दोनदा काय, काय म्हणून विचारलं. मला तेव्हापासूनच कमी यायला लागलं होतं. कुणाला सांगायचं? घरात एक जण तसा असताना दुसरीनेही हात वर केले तर झालंच. आणि तुम्ही माझ्याकडे असे बघत होतात... मग काय सांगणार होते मी? म्हटलं, दादा दुसरं काय म्हणणार.”

“आणि ती कानवाली? कान चांगले म्हणाली ते?”

“ती बाई काय बोलते ते मला मेलं एक अक्षर कळत नाही. तोंड न उघडता बोलते. तुम्ही हसलात, म्हटलं बरोबर लागलं.”

तो उठला आणि बंद खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. आता ते कायमचं गेलं होतं. दादा रागावला होता की नव्हता, पाणी मागत होता, की आपल्या बायकोला हाक मारत होता, हे आता कुठल्याही मशीनने कळणार नव्हतं, महागातल्याही नाही. ते वाक्य जगात कुणाच्याच कानात पोचलं नव्हतं. त्याला संताप यायला हवा होता. तो संतापाची वाट बघत उभा राहिला. पण डोळ्यांपुढे ती दिसत होती, मास्कवर वाकलेली, डोळे मिटलेली, काही ऐकू येत नसलेली. सगळे बघत असलेले. आणि डोळे उघडून तिने जे म्हटलं ते त्याला पाठ होतं. काही नाही. चालव. तेच तर ती म्हणाली होती. त्याच्या म्हणण्याने दादाची दोन बोटं गेली आणि तिच्या म्हणण्याने त्याला नऊ वर्षं झोप लागली, एवढाच काय तो फरक. त्याच्या गळ्यातून विचित्र आवाज निघाला, आणि साध्या मशीनने तोही इमानदारीत मोठा करून दिला.

तो परत येऊन बसला, यावेळी तिच्या शेजारी. “तीन नंबरच्या प्रेसचं,” तो तिला तोंड दिसेल असा वळून म्हणाला, “मलाही ऐकू आलं नव्हतं.” तीस वर्षं कुणाला न सांगितलेली ती गोष्ट त्याने तिला सांगितली. मध्ये दोनदा तिला समजलं नाही तेव्हा पुन्हा सांगितली, मोठ्याने. इतकी लाजिरवाणी गोष्ट ओरडून सांगावी लागते याची लाज मग आपोआपच कमी होत गेली. ती ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, “म्हणून बसायचे का दादा तुमच्या डावीकडे?”

“तुझ्याही लक्षात आलं होतं?”

“बसायचे खरे,” ती म्हणाली. दोघांनी मिळून सांडलेले वाटाणे वेचले.

चौदाव्या दिवशी त्याने महागातली जोडी पुन्हा चढवली, परत करायच्या आधी एकदा म्हणून, आणि बायकोला पुढे घालून तो दवाखान्यात गेला. “आज हिचे तपासा,” तो कानवाल्या मुलीला म्हणाला. बायकोने आढेवेढे घेतले, मला कशाला, मला येतंय. मग ती काचेच्या खोलीत बसली, कानांवर हेडफोनची मोठी टोपडी घालून आणि हातात बटण घेऊन. आवाज आला की बटण दाबायचं. तो बाहेरून बघत होता. ती डोळे मिटून दाबत होती, अगदी मन लावून, आवाज नसतानाही दाबत होती. मुलीने दोनदा काच वाजवून सांगितलं, “काकू, आला तरच दाबा.” तिने शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि पुन्हा तेच.

“काका,” मुलगी कागदावरची रेघ बघत हळूच म्हणाली, “तुमच्यापेक्षा फार बरे नाहीत. बरीच वर्षं झाली असणार. आणि पुढे अजून कमी होत जाईल, ते काही परत यायचं नाही. तुमचं काय ठरलं, ही जोडी ठेवायची ना?”

“साध्या दोन जोड्या द्या,” तो म्हणाला. “आमच्या घरात दोनच माणसं आहेत, आणि खोली शांत आहे.”

काचेचं दार उघडून ती बाहेर आली. टोपड्यांनी केस विस्कटले होते. तिने मुलीकडे बघितलंच नाही. सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं. “काय म्हणाली?”

त्याने तिच्या मनगटावर बोट टेकवलं. “म्हणते, आधीच यायला हवं होतं,” तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला. “आणि दोघांनाही मशीन लागणार.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वाक्य कुठे कापलंय ते तिला न ऐकताही कळत होतं.

“एवढंच म्हणाली?”

“एवढंच,” तो म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली, आणि केस नीट करून, नेहमीची उजवी बाजू सोडून, त्याच्या डावीकडे येऊन बसली.